पाहुण्या संघाचे पाठीराखे (अमेरिकी महाविद्यालयीन बेसबॉल)

अमेरिकेतल्या विद्यापीठांचे बेसबॉल संघ परगावी खेळायला जातात तेव्हा त्यांच्या मागोमाग जाणारे चाहते, आणि तिथे आपल्या संघाला बळ देण्याच्या त्यांच्या रूढ पद्धती. मोसम फेब्रुवारीच्या मध्यात सुरू होतो आणि जूनअखेरीस नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरी संपतो. नेहमीची मालिका शुक्रवार, शनिवार, रविवार अशी सलग तीन सामन्यांची असते. त्यामुळे परगावी जायचे म्हणजे दोन रात्रींचा मुक्काम आलाच.

या चाहत्यांत सर्वांत निष्ठावान असतात ते खेळाडूंचे आईवडील. वरच्या श्रेणीतल्या संघालाही अनेक वर्षे फक्त ११.७ शिष्यवृत्त्या देता येत आणि त्या दोन डझनांहून अधिक मुलांत वाटाव्या लागत. पूर्ण शिष्यवृत्ती क्वचितच कोणाला मिळे. बाकीचा भार घरावर. ज्या घराने लहानपणापासून मुलाला मैदानोमैदानी नेले, ते घर आता त्याला सोडून कसे राहील? उत्तरेकडच्या राज्यांत तर फेब्रुवारीत मैदानावर बर्फ असतो, म्हणून तिथले संघ पहिले काही आठवडे दक्षिणेतच खेळतात. मिनेसोटाच्या मुलाचा मोसमातला पहिला फटका पाहायचा तर पालकांना फ्लोरिडा किंवा टेक्सास गाठावे लागते. पाहुण्यांच्या डगआउटमागच्या (खेळाडू बसतात त्या जागेमागच्या) रांगांत ही मंडळी बसलेली दिसतात. यजमानांच्या हजारोंच्या गर्दीत हा रंगाचा एक छोटा ठिपका असतो, आणि चेंडू टाकायच्या आधीच्या शांततेत त्यातल्या एकाची हाक मैदानभर ऐकू जाते.

बेसबॉलच्या नियमांमुळे या चाहत्यांचा अनुभव यजमानांपेक्षा अगदी वेगळा होतो. प्रत्येक इनिंगमध्ये पाहुणे आधी फलंदाजी करतात, यजमान नंतर. म्हणून शेवटच्या फटक्यावर सामना खिशात घालण्याचे सुख फक्त यजमानांच्या वाट्याला येते. पाहुण्यांनी नवव्या, म्हणजे शेवटच्या, इनिंगमध्ये आघाडी घेतली तरी अजून यजमानांचे तीन गडी बाद व्हायचे असतात, तेही सगळे मैदान उलट बाजूने ओरडत असताना. मिसिसिपी स्टेट विद्यापीठाच्या मैदानावर एप्रिल २०२३ मध्ये ओल मिसविरुद्धच्या (मिसिसिपी विद्यापीठाविरुद्धच्या) सामन्याला १६,४२३ प्रेक्षक होते. अशा गर्दीत त्या तीन बळींची वाट पाहणे ही पाहुण्या चाहत्याची खरी कसोटी.

ओमाहाची गोष्ट निराळी. राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम फेरी, कॉलेज वर्ल्ड सिरीज, १९५० पासून तिथेच भरते. २०१० पर्यंत रोझनब्लॅट स्टेडियमवर आणि २०११ पासून शहराच्या मध्यभागातल्या नव्या मैदानावर. चौसष्टांतून उरलेले आठ संघ येतात. बहुतेकदा सगळेच परगावचे, त्यामुळे ज्याचे लोक जास्त येतील त्याचे ते घरचे मैदान. समालोचक अशा संघाला ‘ट्रॅव्हल्स वेल’ म्हणतात, म्हणजे परगावीही मोठी गर्दी सोबत नेणारा. लुइझियाना स्टेट विद्यापीठाचे चाहते यात अग्रेसर. आपल्या बॅटन रूज शहराहून हजार मैलांच्या आसपास गाडी हाकत ते येतात, वाहनतळावर जांबालायाची (मसालेदार भाताची) मोठी पातेली चढवतात आणि शेजारच्या गाडीतल्या अनोळखी माणसालाही वाढतात. १९९६ च्या अंतिम सामन्यात त्यांच्या वॉरन मॉरिसने मायामीविरुद्ध दोन गडी बाद असताना शेवटच्या इनिंगमध्ये होम रन (चेंडू मैदानाच्या कुंपणापलीकडे धाडणारा फटका) मारून ९-८ असा विजय मिळवून दिला. त्या मोसमातला त्याचा तो एकमेव होम रन होता.

दुसरी बाजू आर्कान्सॉच्या चाहत्यांनी २०१८ मध्ये पाहिली. ओरेगन स्टेटविरुद्धच्या तीन सामन्यांच्या अंतिम मालिकेत एका सामन्याची आघाडी, दुसऱ्यात ३-२, नवव्या इनिंगमध्ये दोन बाद. एक उंच फाउल (हद्दीबाहेर जाणारा, पण झेलता येणारा फटका) उडाला. तीन क्षेत्ररक्षक धावले आणि चेंडू तिघांच्या मधोमध जमिनीवर पडला. तो झेलला असता तर विजेतेपद निश्चित होते. पुढे बरोबरी झाली, मग दोन धावांचा होम रन, ५-३ असा पराभव, आणि तिसरा सामनाही गेला. लाल टोप्यांची ती गर्दी एका क्षणात कशी गप्प झाली असेल, हे शेवटच्या बळीसाठी आधीच उठून उभे राहिलेल्या कुणालाही कळेल.

मैदानासमोरच्या रॉकोज या पिझ्झाच्या दुकानात कोणत्या संघाच्या चाहत्यांनी मद्य घातलेल्या जेलीचे किती छोटे पेले रिचवले याचा फलक लागतो. ओल मिसने २०२२ मध्ये १८,७७७ चा विक्रम केला; पुढच्याच वर्षी लुइझियाना स्टेटच्या लोकांनी तो ६८,८८८ वर नेला. त्या पैशांतला काही भाग अन्नपेढ्यांना जातो.

विक्रम मोठ्या संघांचे होतात, पण प्रथा लहान संघांतही तीच आहे. सामना संपला की पालक संघाच्या बसजवळ फॉइलचे ट्रे उघडून बसतात. मुले गणवेशातच, गुडघ्यावरची माती न झटकता, उभ्या उभ्या जेवतात. आईला मुलाशी बोलायला बस सुरू होईपर्यंतची पाच-दहा मिनिटे मिळतात, आणि तेवढ्यासाठी ती दिवसभर गाडी चालवत आलेली असते.