एम्युलेटर फुकट, मग ब्राउझरमध्ये हा टूलबार कुठून आला?

प्रोजेक्ट६४ हा एम्युलेटर, म्हणजे निन्टेंडो ६४ या गेम कन्सोलचे गेम कम्प्युटरवर चालवणारा प्रोग्रॅम. २०१३च्या सुमारास त्याची २.१ आवृत्ती आली आणि जुने चाहते भडकले, कारण इन्स्टॉलरच्या, म्हणजे तो कम्प्युटरवर बसवणाऱ्या फाइलच्या पोटात जाहिरातींचे प्रोग्रॅम होते.

पैशांसाठी कटकट करण्याची रीत त्याहून कितीतरी जुनी. १९८२ साली अमेरिकेत अँड्र्यू फ्लूगलमनने पीसी-टॉक हा प्रोग्रॅम वाटायला सुरुवात केली: वापरा, मित्रांना द्या, आवडला तर २५ डॉलर पाठवा. पुढे ‘आधी वापरून बघा, मग पैसे द्या’ असं हे शेअरवेअर रुजलं आणि पैसे न देणाऱ्याला काही सेकंद अडवून धरणारी नॅग स्क्रीनही आली. वैताग खराच, पण काय हवंय ते ती तोंडावर सांगायची.

एम्युलेटर विकणं मात्र महागात पडायचं. जानेवारी १९९९मध्ये कनेक्टिक्स या कंपनीने सोनीच्या प्लेस्टेशनचा एम्युलेटर ४९ डॉलरला बाजारात आणला आणि सोनीने दावा ठोकला. २००० साली अपील कोर्टाने कनेक्टिक्सच्या बाजूने कौल दिला, तरी पुढच्या वर्षी सोनीने तो विकत घेऊन बंदच केला. ब्लीम हा दुसरा एम्युलेटर तर कोर्टकज्ज्यांच्या खर्चातच बुडाला. हे पाहिल्यावर बहुतेकांनी एम्युलेटर फुकटच ठेवले. काहींनी फार तर देणगी मागितली.

ही पैशांची चणचण ओपनकँडीसारख्यांच्या पथ्यावर पडली. २००८ साली निघालेल्या या कंपनीचा धंदा साधा होता: तुमच्या इन्स्टॉलरमध्ये आमची एक पायरी घाला, लोकांनी होकार दिला की पैसे घ्या. अशा इन्स्टॉलरची ठरावीक खुबी म्हणजे आधीच टिक केलेली चौकट आणि फिकट करड्या रंगातलं नकाराचं बटण. ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करणारा हमखास फसतो. आमच्या घरी अशाच एका फुकट प्रोग्रॅमने ब्राउझरचं होमपेज बदललं होतं. बाबा दोन दिवस ‘गूगल बदललंय वाटतं’ म्हणत होते.

म्हणून मला नॅग स्क्रीन आणि इन्स्टॉलरसोबत गळ्यात मारलेलं हे बंडल एका माळेतले वाटत नाहीत. नॅग स्क्रीन तुमच्याकडे पैसे मागते, बंडल तुम्हालाच विकतं.

प्रोजेक्ट६४मध्ये पुढे देणगीची आठवण करून देत थांबवून ठेवणारी खिडकी आली. कोड जीपीएल या कुणालाही तो बदलू देणाऱ्या परवान्याखाली खुला, त्यामुळे ज्याला जमतं तो ती काढून स्वतःची आवृत्ती बनवू शकतो. काहींनी तेवढाही खटाटोप केला नाही. ते सरळ जुन्या १.६ आवृत्तीवरच थांबले.