रस्ता शहराचा, तारा कंपन्यांच्या : न्यूयॉर्कच्या दूरसंचार भागीदारीची पार्श्वभूमी

2022च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात फुटपाथवर 32 फूट उंचीचा एक मनोरा उभा राहिला. नाव ‘लिंक फाइव्हजी’. तळाशी मोफत वायफाय, फोन लावायची आणि मोबाइल चार्ज करायची सोय. वरच्या पोकळ भागात मोबाइल कंपन्यांना भाड्याने द्यायची जागा. फुटपाथ शहराचा, मनोरा ‘सिटीब्रिज’ या खासगी कंपनीसमूहाचा. असे मनोरे जसजसे इतर वस्त्यांत येऊ लागले, तसे रहिवासी विचारू लागले की एवढा उंच खांब आमच्या खिडकीसमोर कोणत्या हक्काने उभा राहतो? कायद्याच्या भाषेत उत्तर सोपं आहे: फ्रँचायझीच्या. म्हणजे ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक अटींवर शहराचा रस्ता वापरायचा परवाना. पण रस्ता असा कंपन्यांना वापरायला द्यायची सवय शहराला कशी लागली, हे समजायला 1880च्या दशकापर्यंत मागे जावं लागतं.

त्या काळातल्या ब्रॉडवेची छायाचित्रं पाहिली की आकाश दिसत नाही. उंच लाकडी खांब, त्यांवर एकावर एक आडव्या पट्ट्या, आणि तारांचं जाळं. तार (टेलिग्राफ) कंपन्या, टेलिफोन कंपन्या, शेअरचे भाव पोचवणाऱ्या कंपन्या, चोर-घंटा आणि आग-घंटा बसवणाऱ्या कंपन्या, आणि त्यांतच रस्त्यावरच्या ‘आर्क’ दिव्यांसाठी उच्च दाबाची वीज नेणाऱ्या कंपन्या. बुडालेल्या कंपन्यांच्या बेवारस ताराही तशाच लोंबत होत्या. 1884मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळाने कायदा केला की पाच लाखांहून जास्त वस्तीच्या शहरांत सगळ्या तारा 1 नोव्हेंबर 1885पर्यंत जमिनीखाली गेल्या पाहिजेत. मुदत आली आणि गेली. खांब जागेवरच होते.

कंपन्यांचा नुसता हटवादीपणा एवढंच त्यामागचं कारण नव्हतं. प्रत्येकीने आपापला चर खणायचा म्हटलं तर रस्ता कधी बुजलाच नसता. (मुंबई-पुण्यात राहणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही.) म्हणून पुढच्या काही वर्षांत आयोग नेमले गेले आणि एक कल्पना पुढे आली: रस्त्याखाली एकदाच सामायिक नळमार्ग टाकायचा आणि सगळ्यांनी त्यातली जागा भाड्याने घ्यायची. या नळमार्गांना तेव्हा ‘सबवे’ म्हणत. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे सुरू झाली 1904मध्ये. तोवर त्या शहरात सबवे म्हणजे तारांचा रस्ता हाही अर्थ होता.

काम मात्र रेंगाळत राहिलं. मार्च 1888मध्ये हिमवादळ आलं, खांब कोसळले आणि शहर जगापासून तुटलं. पुढच्या वर्षी, 11 ऑक्टोबर 1889 रोजी, ऐन दुपारच्या गर्दीत चेंबर्स स्ट्रीट आणि सेंटर स्ट्रीटच्या कोपऱ्यावर जॉन फीक्स हा तारकामगार खांबावर चढला. तार-यंत्रणेची निरुपद्रवी समजली जाणारी तार त्याच्या हाताला लागली. दुसरीकडे कुठेतरी ती विजेच्या तारेला टेकलेली होती. त्याचं शरीर बराच वेळ तारांच्या जाळ्यात अडकून जळत राहिलं आणि खाली हजारो माणसं बघत होती. आधीची वर्षं कायदा कागदावर होता. या मृत्यूने तो अंगावर आला. महापौर ह्यू ग्रँट यांनी धोकादायक खांब पाडायचे हुकूम काढले होतेच. वीज कंपन्या न्यायालयात गेल्या, काही आठवडे स्थगिती मिळाली, ती उठल्यावर कुऱ्हाडी चालल्या.

1891च्या करारातून जी व्यवस्था जन्माला आली, ती माझ्या मते या सगळ्या कहाणीतली सर्वांत विचारपूर्वक केलेली तडजोड आहे. उच्च दाबाच्या विजेचे नळमार्ग एका कंपनीकडे गेले. टेलिफोन आणि तारांसाठीचे मार्ग ‘एम्पायर सिटी सबवे’ या दुसऱ्या कंपनीकडे, कारण विजेच्या शेजारी ठेवलेल्या टेलिफोनच्या तारेत खरखरच ऐकू येई. भांडवल खासगी आणि खोदाईही खासगी. बदल्यात अट अशी की ज्या कंपनीला शहराने परवाना दिला आहे, तिला नळमार्गात जागा द्यावीच लागेल, आणि कंपनीच्या नफ्यालाही मर्यादा राहील. शहराने स्वतः एक फूट नळमार्गही बांधला नाही. पण रस्ता देताना सगळ्यांसाठी दार उघडं ठेवायची अट घातली.

कराराची दुसरी बाजूही सांगायला हवी. एम्पायर सिटी सबवे स्थानिक टेलिफोन कंपनीच्या मालकीची झाली, तिच्याबरोबर वारसाहक्काने पुढे चालत आली आणि आज ती व्हेरायझन या दूरसंचार कंपनीची उपकंपनी आहे. मॅनहॅटन आणि ब्रॉंक्समधल्या रस्त्यांखालचे टेलिफोन-फायबरचे डक्ट (म्हणजे तेच नळमार्ग) आणि हजारो चेंबर अजूनही तिच्याच ताब्यात आहेत. टेलिफोनची मक्तेदारी होती तोवर हे कुणाला खुपलं नाही. जवळजवळ एक शतक शहराला दूरसंचाराचं नियोजन असं वेगळं करावंच लागलं नाही. कंपनी करायची, राज्याचा आयोग दर ठरवायचा. 1 जानेवारी 1984 रोजी एटी अँड टी या मक्तेदार टेलिफोन कंपनीचं विभाजन झालं, स्पर्धक आले, आणि ते रस्त्याखाली जागा मागायला ज्या कंपनीच्या दारात गेले तिची मालक त्यांचीच प्रतिस्पर्धी होती.

त्याच सुमाराला एक वेगळा प्रयोग झाला. मॅनहॅटनची भाडी चुकवून बँका आणि दलाल पेढ्या आपली कामं हडसन नदीपलीकडे न्यू जर्सीत हलवू लागल्या होत्या. त्यांना शहरात राखायचं तर स्वस्त जागा आणि जलद संपर्क दोन्ही हवं. म्हणून न्यूयॉर्क-न्यू जर्सीचं पोर्ट ऑथॉरिटी, मेरिल लिंच ही दलाल पेढी आणि वेस्टर्न युनियन ही तार कंपनी एकत्र आले आणि स्टेटन आयलंडवर ‘टेलीपोर्ट’ उभं राहिलं: उपग्रहांच्या तबकड्यांचं मैदान, आणि तिथून मॅनहॅटनपर्यंत ऑप्टिकल फायबर. बंदराचा कारभार पाहणाऱ्या संस्थेने माहितीसाठी बंदर बांधावं, ही कल्पना मला आजही मोहवते. कार्यालयांची गर्दी मात्र त्या बेटावर अपेक्षेइतकी झाली नाही. कामी आलं ते फायबर. ते जाळं चालवणारी कंपनी इतकी वाढली की 1998मध्ये एटी अँड टीने ती सुमारे 11 अब्ज डॉलरना विकत घेतली.

11 सप्टेंबर 2001ने नियोजनाचा आणखी एक दोष उघडा पाडला. वर्ल्ड ट्रेड सेंटरला लागून 140 वेस्ट स्ट्रीट इथे व्हेरायझनचं मोठं एक्स्चेंज होतं. शेजारची इमारत कोसळली, तुळया भिंतीत घुसल्या, तळघरातल्या केबलच्या दालनात पाणी भरलं. ज्या कंपन्यांनी एक बंद पडली तर दुसरी असावी म्हणून दोन वेगवेगळ्या पुरवठादारांकडून जोडण्या घेतल्या होत्या, त्यांतल्या कित्येकांना कळलं की दोन्ही जोडण्या त्याच इमारतीतून किंवा त्याच डक्टमधून जात होत्या. इमारतीच्या खिडक्यांतून बाहेर काढलेल्या केबली रस्त्यावरून अंथरून 17 सप्टेंबरला शेअर बाजार सुरू करण्यात आला. 2005मध्ये शहराने दूरसंचार आणि अर्थकारण यांचा कृती आराखडा काढला. मॅनहॅटनबाहेरच्या औद्योगिक वस्त्यांना नीट ब्रॉडबँड मिळत नाही, हा प्रश्न त्यात ठळक होता.

यानंतरचा करार 2008चा. व्हेरायझनला केबल टीव्हीची फ्रँचायझी मिळाली, आणि कंपनीने 30 जून 2014पर्यंत पाचही बरोंमधल्या (म्हणजे शहराच्या पाच विभागांतल्या) सगळ्या घरांपर्यंत फायबर नेण्याची हमी दिली. पण करारातला शब्द होता ‘पास’: फायबर घरांना ‘पास’ करील, म्हणजे घरांवरून जाईल. मुदत संपल्यावर हजारो लोकांनी जोडणी मागितली आणि त्यांना नकार मिळाला. 2015मध्ये शहराने लेखापरीक्षण प्रसिद्ध केलं, 2017मध्ये खटला भरला. कंपनीचं म्हणणं असं की केबल त्या गल्लीतून गेली म्हणजे घर ‘पास’ झालं. पुढे घरमालक इमारतीत शिरू देत नाहीत, त्याला आम्ही काय करणार? शहराचं म्हणणं असं की मागितल्यावर जोडणी देता येईल इतक्या जवळ केबल आली तरच घर ‘पास’ झालं. एका क्रियापदावर लाखो घरं अडून राहिली. घरमालकांची अडवणूक खरी होती, हे मान्य. तरी 2008मध्ये मसुदा लिहिताना या शब्दाची व्याख्या पक्की न करणं ही शहराच्या बाजूची चूकच. नोव्हेंबर 2020मध्ये तडजोड झाली आणि 2023च्या मध्यापर्यंत आणखी 5 लाख घरांना फायबर उपलब्ध करायचं ठरलं. तोवर करोनाच्या साथीत शाळा घरात आली होती आणि गरीब वस्त्यांतली मुलं मिळेल तिथल्या वायफायवर अभ्यास करत होती.

मधल्या काळात पब्लिक फोनच्या फ्रँचायझीची मुदत संपत आली. या फोनमध्ये नाणी पडेनाशी होऊन बराच काळ लोटला होता. उत्पन्न यायचं ते डब्यांच्या बाजूंवर लावलेल्या जाहिरातींतून. शहराने विचार केला की जाहिरातीच जर चालतात, तर त्यांच्या बदल्यात वायफाय मागावं. नोव्हेंबर 2014मध्ये पब्लिक फोनच्या जागी वायफायचे खांब उभारणारं ‘लिंक एनवायसी’ जाहीर झालं. करदात्याचा पैसा लागणार नाही, साधारण 7,500 खांब उभे राहतील, आणि 12 वर्षांत शहरालाच 50 कोटी डॉलरहून जास्त मिळतील, असा हिशेब होता. जानेवारी 2016मध्ये थर्ड ॲव्हेन्यूवर पहिले खांब सुरू झाले. त्यांवरच्या टॅब्लेटवर इंटरनेट पाहता यायचं, पण काही लोक तासन्‌तास तिथेच ठाण मांडतात अशा तक्रारी आल्या आणि सप्टेंबरमध्ये ती सोय बंद केली गेली. ज्यांच्या घरी इंटरनेट नाही, त्यांच्यासाठीच तर हे खांब आहेत असं सांगितलं गेलं होतं. खांबापाशी तासभर थांबणारा माणूस नेमका तोच असणार, हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

आर्थिक गणितही फसलं. जाहिरातदाराला मॅनहॅटनचा गजबजलेला रस्ता हवा असतो. ब्रॉंक्समधली कामगार वस्ती नको असते. त्यामुळे खांब आधी मॅनहॅटनमध्ये लागले आणि बाहेरच्या भागांत काम थबकलं. 2020पर्यंत हे खांब चालवणाऱ्या सिटीब्रिजकडे शहराचे कोट्यवधी डॉलर थकले. 2021मध्ये राज्याच्या महालेखापालांच्या तपासणीने शहराच्या देखरेखीवरच बोट ठेवलं. तेव्हा खांबांची संख्या दोन हजारांच्या आत होती आणि त्यांतले निम्म्याहून जास्त मॅनहॅटनमध्ये होते. करार पुन्हा लिहिला गेला. जाहिरातींना मोबाइल कंपन्यांच्या भाड्याची जोड मिळाली, आणि नवे उंच मनोरे बहुतांशी मॅनहॅटनच्या 96व्या रस्त्याच्या उत्तरेला आणि इतर बरोंमध्ये उभारायची अट घातली गेली. ब्रॉंक्समधला तो पहिला मनोरा या अटीतून आला.

याहून मोठा विचार जानेवारी 2020च्या इंटरनेट आराखड्यात होता. 15 लाखांहून जास्त न्यूयॉर्ककरांकडे घरचं ब्रॉडबँडही नाही आणि मोबाइल इंटरनेटही नाही, हे त्यात नोंदवलं होतं. इमारतींची गच्ची, दिव्याचे खांब, रस्त्याखालची जागा ही शहराची मालमत्ता सर्व पुरवठादारांना खुली करून सामायिक जाळं उभारायचं त्यात सुचवलं होतं. वाचताना 1891च्या सामायिक नळमार्गाची आठवण होते. 2021 संपता संपता महापौर बिल डी ब्लासिओ यांची कारकीर्द संपली. नवे महापौर एरिक ॲडम्स यांच्या प्रशासनाने आराखडा थांबवला आणि सप्टेंबर 2022मध्ये ‘बिग ॲपल कनेक्ट’ आणलं. त्यात शहर केबल कंपन्यांना पैसे देतं आणि सरकारी गृहसंकुलांतल्या कुटुंबांना इंटरनेट व टीव्ही फुकट मिळतो. त्या घरांना लगेच दिलासा मिळाला, आणि तो खरा आहे. जाळं मात्र कंपन्यांचंच राहिलं. 1891चा एम्पायर सिटी सबवेचा करारही अजून चालू आहे.