कर्नल नेमका कुठे मंदावला?

कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, कोसळला तर लगेच कळतं. तो मंदावला, तर कोणीतरी मोजेपर्यंत पत्ताच लागत नाही. कोड बरोबर असतो, चाचण्या पास होतात, तरी तेच काम मागच्या आवृत्तीपेक्षा जास्त वेळ खातं. यालाच परफॉर्मन्स रिग्रेशन म्हणतात.

लिनक्समध्ये त्याचा माग काढणं सोपं झालं ते २००५ मध्ये गिट हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन आल्यावर. त्यातल्या बायसेक्ट या कमांडला चांगली आवृत्ती कोणती आणि बिघडलेली कोणती ते सांगायचं, मधला कमिट (नोंदवलेला एक बदल) बिल्ड करून, म्हणजे तिथपर्यंतच्या कोडचा चालता कर्नल बनवून, मोजायचा आणि निम्मे कमिट बाद करायचे. दहा हजार कमिट असले तरी साधारण चौदा फेऱ्यांत दोषी सापडतो. खरी मेहनत जाते ती मोजमाप स्थिर ठेवण्यात. ५ टक्क्यांची घट शोधताना आकडेच ५ टक्के वरखाली होत असतील, तर बायसेक्ट भलत्याच कमिटवर बोट ठेवतो. पुढे २००९ मध्ये कर्नलच्या २.६.३१ आवृत्तीबरोबर पर्फ आलं आणि प्रोसेसरचा वेळ कोणतं फंक्शन खातंय तेही कर्नलसोबतच्याच साधनाने दिसू लागलं.

२०२० मधलं कर्नलच्या ५.९ आवृत्तीचं प्रकरण मला फार बोलकं वाटतं. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतः पेज लॉकची (मेमरीचं एक पान एका वेळी एकाच कामाला देणाऱ्या कुलपाची) रांग काटेकोर केली: जो आधी आला, त्यालाच लॉक आधी. हेतू रास्तच होता. पण रांगेतला पुढचा झोपलेला असेल, तर तो जागा होईपर्यंत लॉक अडकून राहतं. लिनक्सचा वेग मोजून त्यावर लिहिणारे मायकेल लाराबेल यांच्या बेंचमार्कमध्ये (वेगाच्या चाचणीत) अपाची वेब सर्व्हर मंदावलेला दिसला आणि बायसेक्ट थेट याच कमिटपाशी पोचलं. ५.९ बाहेर पडण्याआधीच दुरुस्ती झाली: रांग मोडायला मर्यादित मुभा, सेटिंग बदललं नाही तर ५ वेळा.

काही घटी माणसाच्या नजरेला दिसणंच अवघड. इंटेलचा झिरो-डे रोबॉट नवे कमिट सतत मोजत असतो. २०२१ मध्ये त्याने पकडलेली ९.२ टक्क्यांची घट अवघ्या ४ बाइटांच्या एका नव्या फील्डमुळे (माहितीच्या कप्प्यामुळे) होती. त्या फील्डने एमएम-स्ट्रक्ट या प्रोग्रॅमच्या मेमरीचा हिशेब ठेवणाऱ्या रचनेतलं एमएमॅप लॉक पुढे सरकवलं आणि लॉकचे आधी दोन कॅश लाइनांत (प्रोसेसर मेमरीतून एकदम उचलतो त्या ६४ बाइटांच्या तुकड्यांत) असलेले भाग एकाच लाइनीत आले. मग एकाच ६४ बाइटांसाठी प्रोसेसरच्या सगळ्या कोअरांची ओढाताण सुरू झाली. दुरुस्तीत तर्क जराही बदलला नाही. ते फील्ड त्याच रचनेतल्या ४ बाइटांच्या रिकाम्या जागेत हलवलं आणि लॉक आपल्या जुन्या जागी परतलं.