ताफ्याबाहेरची बस : काश्मीरमधील प्रवाशांवरच्या हल्ल्यांची पार्श्वभूमी

बडोद्यात एप्रिलच्या मध्याला अमरनाथ यात्रेच्या नोंदणीची धावपळ सुरू होते. दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातली मराठी कुटुंबे व त्यांचे गुजराती शेजारी बँकेच्या रांगेत एकत्रच उभे असतात. हातात आधार कार्डाची प्रत, फोटो आणि डॉक्टरांचा सही-शिक्का असलेले आरोग्य प्रमाणपत्र. २०२५ साली ही नोंदणी सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला असेल, तोच २२ एप्रिलला पहलगामजवळच्या बैसरनच्या कुरणात २६ जणांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. मृतांत महाराष्ट्रातले सहा आणि गुजरातेतले तिघे होते. त्यामुळे बडोद्याच्या मराठी घरांत ही बातमी डोंबिवली-पुण्याकडूनही आली आणि सुरत-भावनगरकडूनही. ज्यांचे फॉर्म भरून झाले होते, त्यांच्यापुढे एकच प्रश्न होता : यंदा जायचे की नाही? या प्रश्नाचा विचार करताना काश्मीरमध्ये प्रवाशाला मिळणारे संरक्षण कसे उभे राहिले आणि ते नेमके कोणाला लागू होते, हे पाहावे लागते.

१९४९ च्या युद्धबंदी रेषेतून १९७२ च्या सिमला करारानंतर नियंत्रण रेषा ठरली. सुमारे ७४० किलोमीटरची ही रेषा दाट जंगलातून आणि उंच डोंगरांतून जाते, आणि १९८९-९० पासून तिच्या पलीकडून शस्त्रे व माणसे येत राहिली. आरंभी बाहेरून आलेला पाहुणा सहसा लक्ष्य नसे. हा समज १९९५ च्या जुलैत मोडला. पहलगामच्या वरच्या डोंगरात ‘अल-फरान’ नावाच्या गटाने सहा परदेशी पर्यटकांना पळवून नेले. त्यांतला एक निसटला, नॉर्वेच्या तरुणाचा शिरच्छेद केलेला देह ऑगस्टमध्ये सापडला, आणि उरलेले चौघे आजतागायत परतलेले नाहीत. गिर्यारोहक आणि पदभ्रमण करणारे परदेशी या भागातून त्यानंतर जवळजवळ नाहीसेच झाले.

यात्रेची आजची शिस्त मात्र मुळात दहशतवादामुळे आलेली नाही, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात राहिलेली नाही. १९९६ च्या ऑगस्टमध्ये अमरनाथच्या वाटेवर हिमवादळात दोनशे चाळीसहून अधिक यात्रेकरू गारठून मरण पावले. त्यानंतर नेमलेल्या नितीश सेनगुप्ता समितीने यात्रेकरूंच्या संख्येवर मर्यादा घालण्याची शिफारस केली, आणि २००० साली कायदा होऊन यात्रेचा कारभार पाहणारे श्राइन बोर्ड आले. त्याच वर्षी २४ जुलैला काश्मीरमधल्या हिजबुल मुजाहिदीन या दहशतवादी संघटनेने युद्धविराम जाहीर केला होता. आठवडाभरातच, १ ऑगस्टच्या संध्याकाळी, पहलगामच्या तळावर गोळीबार होऊन तीसच्या आसपास माणसे मारली गेली. त्यांत यात्रेकरूंबरोबर स्थानिक लोकही होते. २००१ मध्ये यात्रेच्या वाटेवरच्या शेषनागला आणि २००२ मध्ये पुन्हा पहलगामच्या नुनवान तळावर हल्ला झाला. या तीन वर्षांनी ताफ्याची पद्धत पक्की केली. जम्मूहून पहाटे गाड्या एकत्र निघतात, पुढे-मागे सशस्त्र वाहने असतात. त्याआधी ‘रोड ओपनिंग पार्टी’चे जवान रस्त्याच्या दोन्ही कडा पायी तपासत जातात, मोऱ्यांखाली वाकून पाहतात आणि ठरलेल्या वेळेपर्यंत जागोजागी उभे राहतात. वेळ संपली की ते रस्त्यावरून उठतात.

१० जुलै २०१७ च्या बसची हकिकत या ‘उठण्याच्या वेळे’पाशीच येऊन थांबते. ही गुजरातची बस होती, आत बहुतेक वलसाड-नवसारी आणि पालघर पट्ट्यातले लोक. त्यांचे दर्शन झाले होते, ते श्रीनगर पाहून परतत होते, आणि त्यामुळे ते कोणत्याही ताफ्यात नव्हते. संध्याकाळी पाचच्या सुमारास बस श्रीनगरहून निघाली. वाटेत टायर पंक्चर झाले. टायर बदलण्यात वेळ गेला, सात वाजून गेले, म्हणजे यात्रेकरूंच्या गाड्यांना महामार्गावर मुभा असते ती वेळ टळली. साडेआठच्या आत, अनंतनागजवळच्या बोटेंगूपाशी, अंधारातून गोळीबार झाला. वलसाडच्या मुसलमान चालकाने बस थांबवली नाही. खाली वाकून, गाडी धावती ठेवून, त्याने ती गोळ्यांच्या टप्प्याबाहेर काढली, आणि पुढे सरकारने जीवनरक्षा पदक देऊन त्याचा गौरव केला. आठ यात्रेकरू गेले, त्यांत बहुतेक बाया होत्या. नोंदणी होती की नाही, बस ताफ्यात का नव्हती, यावर तेव्हा पुष्कळ बोलले गेले. परंतु दर्शन आटोपून दल सरोवर पाहायला थांबणे हा गुन्हा नव्हे. बडोद्याहून निघणाऱ्या कित्येक टूरचा कार्यक्रम असाच आखलेला असतो. गुहेपर्यंत जो यात्रेकरू म्हणून सांभाळला गेला, तोच परतताना पर्यटक झाला आणि सुटा पडला.

२०१९ नंतर हल्ल्यांचा रोख पीर पंजाल डोंगररांगेच्या दक्षिणेकडे, जम्मूच्या बाजूला वळला. ९ जून २०२४ रोजी रियासी जिल्ह्यात शिवखोडीच्या देवस्थानाहून कटऱ्याकडे येणाऱ्या बसवर गोळीबार झाला, बस दरीत कोसळली आणि नऊ जण मृत्युमुखी पडले. हे भाविकच होते, पण अमरनाथचे नव्हते, म्हणून त्यांच्याभोवती तसा बंदोबस्तही नव्हता.

बैसरनला तर रस्ताच जात नाही. पहलगामहून पाच-सहा किलोमीटर चिखलाच्या पायवाटेने घोड्यावरून किंवा चालत जायचे, वर मोकळे हिरवे कुरण, भोवती देवदार-पाइनचे जंगल. यात्रेच्या काळात ज्या गावाभोवती हजारो जवान असतात, त्याच गावाच्या वरच्या अंगाला एप्रिलच्या दुपारी एकही जवान तैनात नव्हता. मारेकऱ्यांनी पुरुषांना धर्म विचारून वेचले; प्रतिकार करणारा स्थानिक घोडेवालाही त्यांनी मारला. ‘द रेझिस्टन्स फ्रंट’ या, लष्कर-ए-तय्यबाची आघाडी मानल्या जाणाऱ्या गटाने आधी जबाबदारी घेतली, नंतर नाकारली. ७ मे रोजी पाकिस्तानातल्या दहशतवादी तळांवर भारताची ‘ऑपरेशन सिंदूर’ ही कारवाई झाली, आणि २८ जुलैला श्रीनगरजवळच्या दाचीगाम परिसरात तिघे हल्लेखोर मारले गेले.

मधल्या काळात खोऱ्यातली अनेक पर्यटनस्थळे सरकारने बंद केली होती आणि यात्रा मात्र वाढीव बंदोबस्तात ३ जुलैला निघाली. बडोद्याचे लोकही गेले. त्यांच्या परवान्यावर मार्ग छापलेला होता, बालताल किंवा पहलगाम, आणि चढाईची तारीख होती. दर्शनानंतरच्या दिवसांसाठी त्यावर रकाना नसतो.