एक ग्रॅम खाद्याचा हिशेब

घरच्या टँकमध्ये, म्हणजे मत्स्यपेटीत, टाकायच्या माशांच्या कोरड्या खाद्यात साधारण निम्मी प्रथिनं असतात, आणि प्रथिनांच्या वजनात सुमारे 16 टक्के नायट्रोजन. म्हणजे 1 ग्रॅम खाद्यात 80 मिलिग्रॅम नायट्रोजन आला. मासा त्यातलं थोडं अंगी लावतो आणि बरंचसं कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात परत पाण्यात सोडतो. न खाल्लेला कण खडकामागे सडला तरी त्याचाही अमोनियाच होतो. टँकमधले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट. सगळा नायट्रोजन या वाटेने गेला, तर 80 मिलिग्रॅमचं 354 मिलिग्रॅम नायट्रेट होतं. 200 लिटरच्या टँकमध्ये ही भर पावणेदोन पीपीएमची, म्हणजे लिटरमागे पावणेदोन मिलिग्रॅमची. रोज एक ग्रॅम टाकलं तर आठवड्याला बारा.

हा हिशेब मी कागदावर मांडला तो घरच्या 200 लिटरच्या रीफ टँकमध्ये, म्हणजे खाऱ्या पाण्यात मासे आणि जिवंत प्रवाळ ठेवलेल्या टँकमध्ये, टेस्ट किट नायट्रेट 80 पीपीएम दाखवू लागलं तेव्हा. दर रविवारी 10 टक्के पाणी न चुकता बदलत होतो, त्यामुळे आकडा चढतोच कसा हे उमजेना. गणित सरळ आहे. दहा टक्के पाणी बदललं की त्या वेळी असलेल्या नायट्रेटचा दहावा भाग जातो. आठवड्याची भर 12 असेल, तर ती पूर्ण बाहेर जाण्यासाठी टँकमध्ये आधी 120 साठलेलं असावं लागतं. तिथवर आकडा चढतच राहणार. माझ्या टँकमध्ये तो 80 च्या आसपास थबकला, कारण उरलेलं काम टँकमधला खडक करत होता, ते कसं हे पुढे येईल.

मासे 80 सहज सोसतात. क्लाउनफिश तर मजेत होते. खरी झळ बसते प्रवाळांना. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म एकपेशी शैवाल राहतं. ते प्रकाशावर साखर बनवतं आणि यजमानाला देतं. पाण्यात नायट्रोजन फार झाला की हे शैवाल स्वतःचीच संख्या वाढवत बसतं. प्रवाळ तपकिरी, मळकट दिसू लागतो आणि त्याचा कठीण सांगाडा बनण्याचा वेग मंदावतो. निसर्गात प्रवाळभित्तीवरच्या पाण्यात नायट्रेट 0.2 पीपीएमहूनही कमी असतं, त्यावरून 80 म्हणजे काय ते कळावं.

म्हणून आकडा शून्यावर आणावा का? मुळीच नाही, आणि हे मी आग्रहाने सांगतो. समुद्रात नायट्रेट कमी असलं तरी लाटांबरोबर सूक्ष्म प्लवकांचं खाद्य अखंड येत असतं, ते आपल्या काचपेटीत नसतं. नायट्रेट आणि फॉस्फेट हे दुसरं पोषकद्रव्य, दोन्ही संपले की प्रवाळ फिके पडतात आणि वाळूवर डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म जीव तपकिरी, चिकट थर करून माजतात. ते घालवणं नायट्रेट घालवण्याहून कितीतरी कठीण. नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेट जवळजवळ शून्य, ही जोडीही वाईट. अशा पाण्यात उष्णता आणि प्रकाशाचा ताण आला की प्रवाळ लवकर पांढरे पडतात, हे साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 साली दाखवलं. घरच्या मिश्र रीफ टँकसाठी नायट्रेट 2 ते 10 पीपीएम पुष्कळ झालं, आणि तिथवर महिनोन् महिने घेऊन, हळूहळू उतरायचं.

सुरुवात किटपासून करावी. बहुतेक किटमध्ये नायट्रेटचं आधी नायट्राइट केलं जातं आणि मग रंग येतो. त्यामुळे नवीन टँकमध्ये मुळातच नायट्राइट असेल तर आकडा खोटा फुगतो. काही किट नायट्रेट मोजतात, काही फक्त त्यातला नायट्रोजन. दुसऱ्या प्रकारचा आकडा 4.43 ने गुणावा लागतो, हे माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असतं.

मग टँक सोडून आधी त्यात घालायचं बादलीतलं पाणी मोजावं. मी हे फार उशिरा केलं. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरचं, म्हणजे बोअरवेलचं पाणी येतं. शेतातलं खत आणि सांडपाणी मुरलेल्या भूजलात नायट्रेट भरपूर असू शकतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादाच 45 मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. आरओचा पडदा इतर क्षारांच्या मानाने नायट्रेट कमी अडवतो, उरलेलं डीआय रेझिनने, म्हणजे पाण्यातले उरलेसुरले क्षार धरून ठेवणाऱ्या मण्यांनी, धरायचं असतं. माझं रेझिन संपलं होतं आणि तयार पाण्यातच 10 पीपीएम निघालं. उन्हाळ्यात रोज तीन लिटर पाण्याची वाफ होते, नायट्रेट मात्र मागेच राहतं. तेवढीच भर त्या पाण्याने घातली, तर महिन्याला साडेचार पीपीएम नुसतं त्यातूनच. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर शून्य दाखवत नसेल तर रेझिन बदला, पुढचं सगळं नंतर.

रेझिन बदललं, खाद्य निम्म्यावर आणलं, फ्रोझन खाद्य गाळणीत धुऊन टाकू लागलो, फिल्टर फ्लॉस, म्हणजे कचरा अडवणारा कापसासारखा थर, दर तीन दिवसांनी बदलला. मग चार आठवडे दर आठवड्याला 25 टक्के पाणी बदललं, खारटपणा आणि तापमान जुळवून. आकडा 80 वरून 40 च्या खाली आला. एकदम 70 टक्के पाणी बदलायचा मोह मला झाला होता, पण त्या धक्क्याने प्रवाळ मिटून बसतात.

यापुढचं काम खडकाचं. सच्छिद्र खडकाच्या आत ऑक्सिजन पोहोचत नाही. तिथले जिवाणू श्वसनासाठी ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरतात आणि शेवटी नायट्रोजन वायू उरतो. तो हवेत निघून जातो. जकार्तातल्या ली चिन एंग यांनी 1960 च्या सुमारास जिवंत खडक, म्हणजे असे जिवाणू वसलेला खडक, आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर समुद्री टँक चालवून दाखवले. पुढे मोनॅकोत जॉं जोबेर यांनी जाड वाळूच्या थराखाली पाण्याची पोकळी ठेवून तेच साधलं. मला ही माणसं फार मोठी वाटतात. यंत्र वाढवण्याऐवजी त्यांनी जिवाणूंना जागा करून दिली. जाड वाळूचा थर नंतर ढवळू मात्र नये, आत साठलेला हायड्रोजन सल्फाइड सडक्या अंड्यासारखा वास घेऊन बाहेर येतो आणि माशांना मारतो.

खडक मालवणच्या किनाऱ्यावरून उचलून आणावा असं कुणाला वाटलं, तर ते मनातून काढून टाकावं. असा खडक बहुधा प्रवाळांच्या सांगाड्याचाच असतो, आणि कठीण प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कोरडा सच्छिद्र खडक विकत आणून काही महिन्यांत जिवंत करता येतो.

व्होडका किंवा व्हिनेगर टाकण्याच्या पद्धतीबद्दल विचारणारे बरेच भेटतात. ती चालते. त्यातला कार्बन खाऊन जिवाणू वाढतात, वाढताना नायट्रेट आणि फॉस्फेट शोषतात आणि स्किमरच्या, म्हणजे फेस करून पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राच्या, फेसातून बाहेर पडतात. म्हणजे चांगला स्किमर नसेल तर ती करूच नये. फॉस्फेट शून्य असेल तर जिवाणू वाढणारच नाहीत आणि नायट्रेट हलणार नाही. सुरुवातीचं प्रचलित प्रमाण 100 लिटरमागे दिवसाला 0.1 मिलि व्होडका इतकं थोडं आहे. जास्त झालं की पाणी दुधाळ होतं आणि जिवाणू ऑक्सिजन ओढून घेतात. आपल्याकडे मे महिन्यात कोमट झालेल्या पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी विरघळलेला असतो, त्यात रात्री वीज गेली तर सकाळी मासे मेलेले दिसतील. त्यामुळे मी ही वाट धरली नाही.

मी सम्पमध्ये, म्हणजे टँकला जोडलेल्या खालच्या टाकीत, केटोमॉर्फा लावलं. हे तारेच्या घासणीसारखं गुंतलेलं हिरवं शैवाल आहे, नायट्रेट खाऊन वाढतं. त्याचा दिवा रात्री लावतो. टँकचे दिवे मालवल्यावर सगळे जीव कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि पीएच घसरतो, तो हे शैवाल सावरून धरतं. चार महिन्यांत आकडा 8 वर आला. झोअँथस या मऊ प्रवाळाच्या तपकिरी चकत्यांत आधी कडेला हिरवा आला, मग मधोमध नारिंगी. आता दर तीन आठवड्यांनी शैवालाचा मोठा गोळा बाहेर काढतो, दोनदा गोड्या पाण्यात खळबळून मीठ घालवतो आणि गच्चीवरच्या खतपेटीत टाकतो.