ग्लुटामेट (मेंदूतील चेतासंदेशवाहक)

ग्लुटामेट हे ग्लुटामिक या ॲमिनो आम्लाचे आयनरूप असून सस्तन प्राण्यांच्या मेंदूतील ते प्रमुख उत्तेजक चेतासंदेशवाहक (चेतापेशींमध्ये संदेश नेणारे रसायन) आहे. गव्हातील ग्लुटेनपासून हे आम्ल १८६६ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिटहाउझेन यांनी वेगळे केले. मात्र मेंदूतील त्याचे कार्य विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच उलगडले. प्रत्येक पेशीत आढळणारा, प्रथिनांच्या बांधणीत खर्च होणारा इतका साधा पदार्थ संदेशही वाहत असेल, हे संशोधकांना दीर्घकाळ पटत नव्हते.

विद्युत्-संवेग येताच चेतापेशीच्या टोकाशी सूक्ष्म पुटिकांत साठवलेले ग्लुटामेट सिनॅप्सच्या, म्हणजे दोन चेतापेशींमधील सांध्याच्या, फटीत उतरते आणि पलीकडच्या पेशीवरील ग्राहींना (संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनांना) जुळते. यांपैकी एएमपीए या प्रकारचे ग्राही सोडियमला वाट देऊन तत्काळ उत्तेजन घडवतात. एनएमडीए ग्राहीच्या मार्गात मात्र मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा बसलेला असतो आणि पलीकडची पेशी आधीच पुरेशी उत्तेजित झालेली असेल तरच तो दूर होऊन कॅल्शियम आत शिरते. दोन्ही पेशी एकाच वेळी सक्रिय असल्याची ही जणू रासायनिक नोंदच असून अध्ययन व स्मृती यांमागील सिनॅप्सच्या बळकटीकरणात तिला मोठे महत्त्व आहे.

ॲसिटिलकोलीन या दुसऱ्या चेतासंदेशवाहकाला फटीतच मोडून टाकणारे विकर (एन्झाइम) असते, तसे ग्लुटामेटला नसते. शेजारच्या तारकापेशी (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी) ते शोषून घेतात, त्याचे ग्लुटामीन करतात आणि ते चेतापेशींना परत पुरवतात. या शोषणासाठी ऊर्जा लागते, आणि काही विकृतींचे मूळ येथेच सापडते. पक्षाघातात रक्तपुरवठा तुटला की शोषण थांबते, ग्लुटामेट आत ओढणारी काही वाहक प्रथिने उलटी चालू लागतात, फटीत ग्लुटामेट साचते आणि अतिरेकी कॅल्शियममुळे पेशी मरतात. या प्रक्रियेला अमेरिकी संशोधक जॉन ओल्नी यांच्या १९६९ मधील संशोधनानंतर उत्तेजन-विषाक्तता म्हटले जाऊ लागले. (अजिनोमोटो या ग्लुटामेटयुक्त चवदार क्षाराविषयीची भीती मात्र येथे फारशी लागू पडत नाही, आहारातील ग्लुटामेट बहुतांशी आतड्याच्या पेशींतच वापरले जाते आणि रक्त-मेंदू अडथळा ते सहसा ओलांडत नाही.)

ग्लुटामेटची नक्कल करणारी विषेही आहेत. कॅनडात १९८७ मध्ये डोमोइक आम्ल असलेले शिंपले खाल्ल्याने शंभराहून अधिक लोक आजारी पडले आणि काहींची स्मरणशक्ती कायमची गेली. विदर्भात पिकणाऱ्या लाखोळी डाळीतील ओडीएपी हे ॲमिनो आम्ल एएमपीए ग्राहींना उत्तेजित करते. दुष्काळात अन्य धान्य नसताना महिनोन्महिने याच डाळीवर गुजराण केलेल्यांचे पाय ताठरून कायमचे अधू होत. या विकाराला लॅथिरिझम म्हणतात. नेहमीच्या संमिश्र आहारातील थोड्या डाळीचा प्रश्न वेगळा आहे.

असे असूनही ग्राही सरसकट रोखणे हा उपाय ठरला नाही. पक्षाघातावर तपासलेली अशी औषधे प्राण्यांत प्रभावी, तर रुग्णांत निष्फळ ठरली. त्यामानाने सौम्य परिणाम करणारे मेमँटिन अल्झायमरच्या रुग्णांत आणि ग्लुटामेटचे स्रवण कमी करणारे रिलुझोल एएलएस या चेतापेशींच्या ऱ्हासाच्या रोगात वापरले जाते, पण दोन्हींचा लाभ माफक आहे. उलट टोकाचे उदाहरण एनएमडीए ग्राहीविरोधी मेंदूदाहात दिसते: २००७ मध्ये वर्णिलेल्या या विकारात शरीराचीच प्रतिद्रव्ये हे ग्राही पेशींच्या पृष्ठभागावरून घटवतात आणि रुग्णाला भ्रम, झटके व स्मृतिनाश होतो. प्रतिकारशक्ती आवरणारे उपचार वेळेवर मिळाल्यास बरेच रुग्ण सुधारतात, कारण येथे पेशी मेलेल्या नसतात, त्यांचे ग्राहीच तात्पुरते हरवलेले असतात.