एसी चालू आहे, पण खोली गार होत नाही?
बडोद्यातल्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

होळी झाली की दांडिया बाजारातल्या आमच्या दुकानात फोन वाजू लागतात. बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "गॅस संपलाय वाटतं, भरून द्या." हे पत्रक आम्ही मुख्यतः त्या वाक्यासाठी छापलं आहे.

एसीतला गॅस स्कूटरच्या पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तांब्याच्या बंद नळीत तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. आतल्या युनिटमध्ये खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेरच्या युनिटमध्ये सोडून परत येतो. तो कमी झाला असेल, तर कुठूनतरी गळला आहे. गळती न शोधता वरून गॅस भरला, तर काही दिवस खोली गार होईल आणि पुन्हा तेच रडगाणं. आणि गॅस पुरेसा असताना कुणी आणखी भरला, तर पैसे जातातच, शिवाय कॉम्प्रेसरवर, म्हणजे बाहेरच्या युनिटमधल्या गॅस फिरवणाऱ्या पंपावर, नको तो भार पडतो. म्हणून आम्हाला बोलवायच्या आधी पुढच्या गोष्टी घरीच बघा. त्यात काही सापडलं, तर व्हिजिटचे पैसे वाचले.

आधी रिमोट

रिमोटवर हिमकणाचं चिन्ह दिसतंय ना, ते पाहा. पंख्याचं चिन्ह असेल तर एसी नुसती हवा फिरवतो, थेंबाचं असेल तर तो 'ड्राय'वर आहे, म्हणजे मुख्यतः हवेतली ओल काढतो. घरात लहान मुलं असली की हे हमखास होतं. बंद करून लगेच चालू केला असेल, तर साधारण 3 मिनिटं कॉम्प्रेसर मुद्दामच थांबतो. बिघाड समजून पुन्हा पुन्हा बटणं दाबू नका.

तापमान 16 वर ठेवल्याने साध्या एसीत खोली लवकर गार होत नाही, कारण कॉम्प्रेसर तसाही पूर्ण जोरानेच चालतो. 16 ठेवलं तर तो फक्त थांबत नाही. इन्व्हर्टर एसी, म्हणजे ज्याचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करतो तो, सुरुवातीला थोडा जोर जास्त लावेल, पण मग तोही रात्रभर तसाच राबेल. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या नियमानुसार 2020 पासून स्टार लेबलचे एसी 24 अंशांवर सेट होऊनच येतात, आणि एक अंश वाढवला तर सुमारे 6 टक्के वीज वाचते असा ब्युरोचाच हिशेब आहे. 24 ते 26 ठेवा, जोडीला छताचा पंखा मंद लावा.

फिल्टर

मागच्या मे महिन्यात वाडीतल्या एका जुन्या घरी गेलो होतो. काकू म्हणाल्या, "अरे, दिवाळीत तर सर्व्हिस केली होती." पुढचं झाकण उचलून जाळी बाहेर काढली आणि खिडकीसमोर धरली, तर पलीकडचा उजेडच दिसेना. शेजारीच देवघर, पलीकडे स्वयंपाकघर. उदबत्तीचा धूर आणि फोडणीची वाफ धुळीत मिसळून नमद्यासारखा थर बसला होता, बोटाने ओढला तर अखंड निघाला. जाळी धुऊन, पुसून बसवली आणि वीस मिनिटांत काकूंनी पंखा कमी करायला सांगितला. गॅसला हातही लावला नव्हता.

उन्हाळ्यात दर 15 दिवसांनी जाळी काढा. स्विच बंद करून झाकण उचला, दोन्ही जाळ्या खाली ओढा आणि नळाखाली धरा. पाणी मागच्या बाजूने सोडा, म्हणजे धूळ जशी आली तशीच बाहेर पडते. गरम पाणी नको आणि उन्हात वाळत घालू नका, प्लास्टिक वाकडं होतं. ओली जाळी परत बसवू नका.

आतल्या युनिटवर बर्फ दिसला, तर एसी 'फॅन'वर टाकून दोन-तीन तास चालू द्या. बर्फ सुरीने किंवा चमच्याने खरवडू नका, तांब्याची नळी फुटली की खर्च कितीतरी पटींनी वाढतो. बर्फ वितळल्यावर जाळी धुवा. स्वच्छ जाळी असूनही पुन्हा बर्फ धरला, तर मात्र आम्हाला बोलवा. तेव्हा गॅसचा संशय खरा असू शकतो.

बाहेरचं युनिट

बडोद्यात या युनिटला जो त्रास होतो, तो इतर शहरांतल्या लोकांना सांगून पटत नाही. उत्तरायणाचे दोन दिवस, 14 आणि 15 जानेवारी, अख्खं गाव गच्चीवर असतं. कापलेला मांजा जाळीतून आत जातो आणि पंख्याच्या दांड्याला अडकून राहतो. एसी तेव्हा बंद असतो, कुणाच्या लक्षात येत नाही. मार्चमध्ये चालू केला की पंखा फिरता फिरता सगळा मांजा दांड्यावर घट्ट गुंडाळला जातो, पंखा जड होतो, कधी अडकतोच. उष्णता बाहेर पडत नाही, कॉम्प्रेसर तापून स्वतःहून बंद पडतो, अर्ध्या तासाने पुन्हा चालू होतो. "मध्येच गार हवा येते, मध्येच येत नाही" अशी तक्रार असेल, तर आमची पहिली नजर तिथे जाते. युनिट हाताशी असेल तर एमसीबी (एसीच्या विजेचा स्विच) पाडून, वीज बंद करून पाहा. तिसऱ्या मजल्याच्या छज्जावर असेल, तर कृपा करून खिडकीतून वाकू नका. ते काम पट्टा बांधलेल्या माणसाचं आहे.

कबुतरांची घरटी आणि प्लास्टिकचं कव्हर हेही बघा. पावसाळ्यात घातलेलं कव्हर एप्रिलपर्यंत तसंच राहिलेलं आम्ही पाहिलं आहे. पण सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे बाल्कनीला ॲल्युमिनियमच्या काचा लावून बाहेरचं युनिट आत कोंडणं. युनिटने फेकलेली गरम हवा तेच पुन्हा ओढतं. असा एसी नवा असो की जुना, थंड करणार नाही. एसी चालू असताना ती काच उघडी ठेवा. आम्ही खोटी आशा दाखवत नाही, इथे कुठलीही सर्व्हिस कामाची नाही.

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचं पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावरची बरीच युनिटं बुडाली होती. पुन्हा तशी वेळ आली, तर पाणी ओसरल्यावर एसी चालू करून बघू नका. आधी उघडून, वाळवून, तपासून घ्यायला हवं.

एसी ठीक, खोली तापलेली

एसीची क्षमता बाहेर 35 अंश तापमान धरून मोजतात. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पारा 42 च्या वर जातो, तेव्हा तोच दीड टन दीड टनाइतकं काम करत नाही. त्यात वरच्या मजल्याची खोली असेल, तर दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो.

घरी तपासायचं तर एक साधा थर्मामीटर पुरतो. पंखा पूर्ण जोरावर आणि तापमान सगळ्यात कमी ठेवून एसी 20 मिनिटं चालवा. मग वरून आत जाणाऱ्या हवेचं आणि खालून येणाऱ्या हवेचं तापमान घ्या. फरक 8 ते 12 अंश असेल, तर एसीत दोष नाही. गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग द्या, पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावा. पावसाळ्यात हवा दमट असल्यामुळे हा फरक थोडा कमी येतो, त्याने घाबरू नका.

गॅस खरोखरच गळला असेल तर

बाहेरच्या युनिटला दोन तांब्याच्या नळ्या जोडलेल्या असतात. बारीक नळीच्या जोडावर पांढरं हिम आणि जाड नळी कोरडी, असं दिसलं तर बहुधा गॅस कमी आहे. असं असेल तर आम्ही आधी नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने गळती शोधतो आणि बुडबुडे कुठे येतात ते तुम्हाला दाखवतो. कधी नट सैल असतो, कधी कॉइलला बारीक छिद्र. गटाराजवळच्या घरांत तांबं लवकर खराब होतं. दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि ओल काढून टाकतो, मग गॅस वजनकाट्यावर मोजून भरतो. किती भरायचा ते युनिटच्या पट्टीवर छापलेलं असतं. कुठल्याही मिस्त्रीला विचारा, "काटा आणलाय का?" नव्या एसींत आर-32 गॅस असतो, तो थोडा ज्वलनशील आहे. काम चालू असताना खोलीत समई, उदबत्ती काहीही पेटतं नको.

बाहेरचं युनिट नुसतं गुणगुणत असेल आणि सुरू होत नसेल, तर कॅपॅसिटर, म्हणजे मोटर सुरू व्हायला मदत करणारा विजेचा भाग, गेलेला असू शकतो. भाग स्वस्त आहे, पण वीज बंद केल्यावरही त्यात झटका साठलेला राहतो. स्वतः उघडू नका.

फोन करताना एवढं हाताशी ठेवा : पट्टीवरचा मॉडेल नंबर, आतल्या युनिटवर लुकलुकणारा आकडा असेल तर तो, जाळी शेवटची कधी धुतली, आणि बाहेरचा पंखा फिरतोय की नाही. जुने ग्राहक असाल तर मागचं बिल शोधत बसू नका, आमच्या वहीत नोंद असते.